गहू दुप्पट, कर्ज तेवढंच: अमेरिकेतली सोन्या-चांदीची लढाई

हिशोबापासूनच सुरुवात करू. १८७०च्या सुमाराला कॅन्ससमधल्या एका शेतकऱ्याने जमीन गहाण टाकून हजार डॉलर उचलले, असं धरा. गव्हाचा भाव तेव्हा बुशेलला साधारण एक डॉलर होता. बुशेल म्हणजे सत्तावीस किलोच्या आसपास. हजार बुशेल गहू विकला की मुद्दल फिटलं. पण ते काही फिटलं नाही, दर काही वर्षांनी कागद नवे करत कर्ज पुढे ढकललं गेलं, आणि १८९४ साली गहू पन्नास सेंटच्या आसपास आला. आता त्याच मुद्दलाला दोन हजार बुशेल लागणार. कागदावर कर्ज एका सेंटनेही वाढलेलं नाही, सावकाराने काही लबाडीही केलेली नाही, तरी शेतकऱ्याच्या डोक्यावरचा बोजा दुप्पट झाला. व्याज वेगळंच.

१९व्या शतकाच्या अखेरच्या तीस वर्षांतली अमेरिका आपल्याकडे बहुधा श्रीमंतांच्या नावांनी सांगितली जाते: तेलातला रॉकफेलर, पोलादातला कार्नेगी, बँकेतला मॉर्गन. ती माणसं मोठी होतीच. पण त्या काळात लोक ज्या प्रश्नावरून हातघाईवर आले, नवे पक्ष निघाले आणि जुने फुटले, तो प्रश्न निराळा होता. पैसा कशाचा असावा, आणि बाजारात किती असावा हे कोणी ठरवायचं? ऐकायला रूक्ष वाटतं. वरचा हिशोब लक्षात ठेवला तर वाटणार नाही.

आधी रेल्वे, कारण शेतकऱ्याचा पहिला राग तिच्यावर. १८६५ साली अमेरिकेत ३५ हजार मैल लोहमार्ग होता. १९०० पर्यंत तो एक लाख नव्वद हजार मैलांच्या पुढे गेला. केंद्र सरकारने रेल्वे कंपन्यांना उत्तेजन म्हणून दिलेली जमीन १३ कोटी एकरांच्या आसपास भरते, म्हणजे आख्ख्या महाराष्ट्राच्या पावणेदोनपट. १८६२च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं जमीन कसणाऱ्याला १६० एकर जवळपास फुकट मिळायचे खरे. पण रुळालगतची सोयीची जमीन बऱ्याचदा कंपनीच्या नावावर, आणि पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखात १६० एकरांत घर चालत नव्हतं. कंपन्यांची ताकद किती, तर १८ नोव्हेंबर १८८३ रोजी त्यांनी आपसांत ठरवून देशभराची घड्याळं बदलली. तोवर प्रत्येक गावाचं मध्यान्ह आपापल्या सूर्याप्रमाणे व्हायचं. प्रमाणवेळेचा सरकारी कायदा व्हायला १९१८ उजाडलं, तोवर देश रेल्वेच्या घड्याळावरच चालला.

शिकागो ते न्यूयॉर्क मार्गावर अनेक कंपन्यांची चढाओढ होती, म्हणून तिथे भाडं कमी. प्रेअरीतल्या, म्हणजे गवताळ मैदानातल्या, छोट्या स्टेशनावर एकच कंपनी, म्हणून तिथे ती म्हणेल ते भाडं. जवळच्या पल्ल्याला लांबच्या पल्ल्यापेक्षा जास्त पैसे मोजावे लागणं सर्रास चालायचं. स्टेशनालगतचं धान्याचं कोठार, ज्याला तिकडे एलेव्हेटर म्हणतात, तेही अनेकदा रेल्वेचं किंवा तिच्या मर्जीतल्या माणसाचं, आणि गव्हाची प्रत ठरवणार तोच. उलट रॉकफेलरसारख्या बड्या गिऱ्हाइकाला भाड्यात गुपचूप सूट. १८८७ साली आंतरराज्य व्यापार आयोग नेमला गेला, पण त्याला दात फुटायला पुढची वीस वर्षं गेली.

दक्षिणेत परिस्थिती याहून वाईट होती. यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, तिथल्या बँका बुडाल्या होत्या. (याच युद्धात अमेरिकन कापूस अडला म्हणून मुंबईत पैशाचा पाऊस पडला होता आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच बाजार बसला, हे आपल्याला ठाऊक आहे.) रोख पैसा कोणाकडेच नव्हता. मग गावचा दुकानदारच सावकार झाला. पेरणीच्या आधी शेतकऱ्याने दुकानात जायचं आणि येणाऱ्या पिकावर दुकानदाराचा पहिला हक्क लिहून द्यायचा. वर्षभर मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, काकवी, कापड, खत, सगळं खात्यावर. दुकानात प्रत्येक वस्तूला दोन किमती असायच्या, एक रोखीची आणि एक उधारीची. उधारीची किंमत पंचवीस ते पन्नास टक्क्यांनी चढी, कधी त्याहूनही जास्त. ज्याचं पीक एका दुकानाला बांधलेलं, त्याला दुसऱ्या दुकानात कोणी उभं करत नसे. पीक कोणतं घ्यायचं हेही दुकानदारच सांगे, आणि तो कापूसच सांगे, कारण कापूस घरात खाऊन संपत नाही. हंगामात कापूस तोलला जायचा, वहीत जमा धरला जायचा आणि बहुतेक वेळा बाकी उरायचीच. बाकी उरली की पुढच्या वर्षी पुन्हा तेच दुकान.

कापसाचा भाव १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला पौंडाला १५ सेंटच्या आसपास होता. १८९४ साली तो ५ सेंटच्या खाली गेला. भाव पडला म्हणून शेतकरी जास्त कापूस लावायचा, सगळेच लावायचे, आणि भाव आणखी पडायचा. विदर्भातल्या वाचकाला यात फार नवल वाटणार नाही.

भाव पडत का होते? एक कारण सरळ आहे: जगात पीकच खूप वाढलं. रेल्वे आणि आगबोटींमुळे रशिया, अर्जेंटिना आणि हिंदुस्थानचा गहू एकाच बाजारात येऊन पडू लागला. दुसरं कारण पैशाचं. माल वाढला, माणसं वाढली, पण पैसा त्या वेगाने वाढला नाही. पैसा दुर्मीळ झाला की तो महाग होतो, आणि पैसा महाग होणं म्हणजेच मालाचे भाव पडणं.

युद्धाचा खर्च भागवायला लिंकनच्या सरकारने १८६२ पासून कागदी नोटा काढल्या होत्या. त्यांची पाठ हिरवी, म्हणून लोक त्यांना ग्रीनबॅक म्हणत. त्यांच्यामागे सोनं नव्हतं, फक्त सरकारचा शब्द होता. युद्धानंतर सावकार, बँका आणि बहुतेक अर्थतज्ज्ञ म्हणू लागले की आता पुन्हा खऱ्या पैशावर या. १ जानेवारी १८७९ पासून नोट दाखवली की सोनं मिळू लागलं. त्यासाठी नोटांवर आधीच लगाम घालावा लागला होता. मधल्या काळात, १८७३ साली, नाण्यांच्या नव्या कायद्यातून चांदीचा डॉलर गुपचूप गळला. तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही, कारण टांकसाळीपेक्षा बाजारात चांदीला जास्त पैसे मिळत होते, त्यामुळे कोणी चांदी टांकसाळीत नेतच नव्हतं. पुढे नेवाडाच्या खाणींतून चांदीचा लोंढा आला, जर्मनीने सोन्याचं चलन पत्करून आपली चांदी विकायला काढली, चांदी स्वस्त झाली. आता लोक चांदी घेऊन टांकसाळीकडे वळले, तर दार बंद. मग या कायद्याला नाव पडलं '७३चा गुन्हा'. लंडनच्या बँकवाल्यांनी लाच देऊन तो करून घेतला, अशा कहाण्या गावोगाव फिरल्या, आणि त्यांत ज्यूंविरुद्धचं विषही बरंच होतं. लाचेची कहाणी खोटी. पण कायदा लिहिणाऱ्या काही मोजक्या लोकांना चांदी स्वस्त होणार हे दिसत होतं, एवढं मात्र खरं.

चांदीवाल्यांची मागणी एका आकड्यात मावायची: सोळाला एक. जुन्या कायद्यात सोळा भार चांदी म्हणजे एक भार सोनं, असं प्रमाण होतं. त्याच दराने कोणीही चांदी आणावी आणि टांकसाळीने तिचे डॉलर पाडून द्यावेत. १८९४ पर्यंत बाजारातलं प्रमाण तीसाच्या पुढे गेलं होतं. म्हणजे अर्ध्या डॉलरची चांदी आणा आणि पूर्ण डॉलर घेऊन जा! पैसा वाढेल, भाव चढतील, कर्ज हलकं होईल. धनको म्हणणार, मी सोन्याचा डॉलर दिला होता, तुम्ही अर्धा परत करताय, ही चोरी आहे. ऋणको म्हणणार, मी हजार बुशेलांचं कर्ज काढलं होतं, तुम्ही दोन हजार घेताय, ती चोरी नाही का? माझ्या मते दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं, आणि म्हणूनच हे भांडण तडजोडीने मिटण्यासारखं नव्हतं.

इथे हिंदुस्थान येतो, आणि नुसता तोंडी लावण्यापुरता येत नाही. आपला रुपया चांदीचा. चांदी घसरली तसा रुपयाही घसरला: १८७०च्या सुरुवातीला एका रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळायचे, १८९२ मध्ये सव्वा शिलिंगाच्या आसपास. अमेरिकेतले चांदीवाले यावर बोट ठेवून सांगायचे की बघा, हिंदुस्थानातला शेतकरी लिव्हरपूलमध्ये स्वस्तात गहू विकतो, त्याला सोन्यात कमी मिळालं तरी घरी रुपये तेवढेच मिळतात. मार बसतो तो आपल्याला. यात अतिशयोक्ती होती, पण कॅन्ससच्या सभांमध्ये रुपयाच्या दराची चर्चा व्हावी, ही गोष्टच मला मोठी गमतीची वाटते.

राग होताच, आता संघटना उभ्या राहिल्या. टेक्सासातून सुरू झालेली फार्मर्स अलायन्स १८८०च्या दशकात दक्षिणेत आणि मैदानी राज्यांत पसरली. गावोगाव फिरते वक्ते, वाचनमंडळं, स्वतःची वर्तमानपत्रं, सहकारी खरेदी-विक्री. बायकाही सभासद होत्या आणि व्यासपीठावरून बोलत होत्या. कॅन्ससची मेरी एलिझाबेथ लीज तर एकेका सभेत तास दोन तास बोलायची. सहकारी संस्था मात्र भांडवलाअभावी बुडाल्या, कारण बँका त्यांना कर्ज देईनात.

या अपयशातून अलायन्सचा नेता चार्ल्स मॅक्यून याने एक योजना मांडली, आणि या सगळ्या चळवळीतली सगळ्यात हुशार कल्पना मी हीच मानतो. सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं बांधावीत. शेतकऱ्याने टिकाऊ माल तिथे ठेवावा आणि बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत सरकारी नोटा वर्षाला एक टक्का व्याजाने उचलाव्यात. हंगामात सगळ्यांनी एकदम माल ओतून भाव पाडायची गरज नाही. भाव चढला की विका आणि कर्ज फेडा. आपल्याकडच्या शेतमाल तारण योजनेचा हा पणजोबाच. फरक इतकाच की मॅक्यूनच्या योजनेत पीक आलं की चलनही वाढणार होतं आणि विकलं गेलं की आटणार होतं. दुकानदाराच्या वहीवर थेट घाव. वॉशिंग्टनमध्ये तिला हसण्यावारी नेलं गेलं.

मग पक्षच काढला. ४ जुलै १८९२ रोजी नेब्रास्कातल्या ओमाहा इथे पीपल्स पार्टीचा जाहीरनामा मंजूर झाला. याच मंडळींना पॉप्युलिस्ट म्हणतात. सोळाला एक चांदी, गोदाम योजना, रेल्वे आणि तारयंत्रणा सरकारी मालकीची, जास्त कमावणाऱ्यावर जास्त प्राप्तिकर आणि टपाल खात्यात बचत बँक या मुख्य मागण्या. गुप्त मतदान आणि सिनेटरांची थेट निवडणूक असे ठरावही सोबत झाले. त्या वर्षीच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्या जेम्स वीव्हरला दहा लाखांहून जास्त मतं पडली. नव्या पक्षासाठी हे थोडंथोडकं नव्हतं.

आणि १८९३ उजाडलं. फेब्रुवारीत एक बडी रेल्वे कंपनी दिवाळखोरीत गेली, मेमध्ये शेअरबाजार कोसळला. लोक नोटा देऊन सोनं न्यायला लागले आणि सरकारी खजिन्यातलं सोनं दहा कोटी डॉलरांच्या खाली आलं. ही रक्कम म्हणजे लक्ष्मणरेषा मानली जायची. अशात २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत चांदी द्यायची आणि रुपये पाडून घ्यायचे, ही कित्येक वर्षांची सोय संपली. जगातलं चांदीचं एक फार मोठं गिऱ्हाईकच उठून गेलं. काही दिवसांत चांदीचा भाव धाडकन खाली आला, कोलोरॅडोतल्या खाणी बंद पडू लागल्या. इकडे आपल्या घरांतल्या चांदीच्या दागिन्यांचं मोलही उतरलं, ते वेगळंच.

चारच दिवसांनी, ३० जूनला, अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी काँग्रेसचं, म्हणजे तिकडच्या संसदेचं, खास अधिवेशन बोलावलं. सरकारने दर महिन्याला ठराविक चांदी विकत घ्यावी असा १८९०चा कायदा होता, तो त्यांना रद्द करायचा होता. त्याच संध्याकाळी ते एका मित्राच्या नौकेवर चढले आणि दुसऱ्या दिवशी तिथे, भर पाण्यात, त्यांच्या तोंडातली कर्करोगाची गाठ वरच्या जबड्याच्या तुकड्यासकट काढली गेली. देशाला सांगितलं, दातांचा त्रास होता. लपवण्याचं कारण चांदीच: उपाध्यक्ष स्टीव्हन्सन चांदीवाल्यांच्या गोटातले, आणि अध्यक्ष मरणार अशी नुसती कुणकुण लागली असती तरी बाजार आणखी घसरला असता. खरी हकिगत १९१७ साली बाहेर आली. कायदा नोव्हेंबरमध्ये रद्द झाला. मंदी काही हटली नाही. त्या एका वर्षात सुमारे ५०० बँका आणि १५ हजार धंदे बुडाले.

१८९४ हे त्या काळातलं सगळ्यात कडवट वर्ष असावं. ओहायोतला जेकब कॉक्सी बेकारांचा मोर्चा घेऊन वॉशिंग्टनला चालत गेला. मागणी होती की सरकारने ५० कोटी डॉलरच्या नोटा छापून रस्त्यांची कामं काढावीत. त्याला अटक झाली ती संसदेच्या आवारातलं गवत तुडवल्याबद्दल! शिकागोजवळच्या पुलमन या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात मजुरी पाव हिश्शाने कापली गेली होती, पण कंपनीच्या घरांचं भाडं तसंच राहिलं. त्याच उन्हाळ्यात यूजीन डेब्ज यांच्या रेल्वे युनियनने पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार टाकला आणि निम्म्या देशातल्या गाड्या थांबल्या. सरकारने सैन्य धाडलं, डेब्ज तुरुंगात गेले. त्यांच्याविरुद्धच्या मनाईहुकमासाठी खालच्या कोर्टाने ज्या कायद्याचा आधार घेतला तो १८९०चा मक्तेदारीविरोधी कायदा होता. पुढच्याच वर्षी देशातल्या जवळजवळ सगळ्या साखर शुद्धीकरणावर ताबा असलेल्या मक्तेदाराला सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्यातून मोकळं सोडलं.

१८९५ मध्ये खजिन्यातलं सोनं पाच कोटी डॉलरांच्याही खाली गेलं तेव्हा क्लीव्हलंड जे. पी. मॉर्गनकडे गेले. मॉर्गन आणि युरोपातले त्याचे भागीदार यांनी ३५ लाख औंस सोनं आणून दिलं, बदल्यात सरकारी रोखे घेतले आणि ते विकून बख्खळ नफा कमावला. देशाची पत वाचली. पण सरकारला सोनं लागलं की ते कोणाच्या दारात जातं, हे शेतकऱ्याला आता कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

९ जुलै १८९६. शिकागोत क्लीव्हलंड यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. नेब्रास्काचा छत्तीस वर्षांचा विल्यम जेनिंग्ज ब्रायन बोलायला उभा राहिला. त्याने शेवटी सांगितलं की श्रमिकांच्या कपाळावर हा काट्यांचा मुकुट दाबू नका, मानवजातीला सोन्याच्या क्रूसावर चढवू नका. आणि दोन्ही हात पसरून तो काही क्षण तसाच उभा राहिला. सभागृह आधी स्तब्ध झालं, मग वेडं झालं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षपदाची उमेदवारी त्याला मिळाली. पॉप्युलिस्ट पेचात पडले. वेगळा उमेदवार द्यावा तर मतं फुटणार, ब्रायनला घ्यावं तर पक्ष विरघळणार. त्यांनी ब्रायनला घेतलं. गोदाम योजना, सरकारी रेल्वे, सगळं मागे पडून एकटी चांदी उरली. खाणमालकांचा पैसाही चांदीच्याच मागे होता, हा योगायोग नव्हता.

ब्रायन रेल्वेने १८ हजार मैल फिरला. रिपब्लिकन विल्यम मॅकिन्ली ओहायोत आपल्या घराच्या ओसरीवर बसून राहिले आणि रेल्वे कंपन्यांनी सवलतीच्या भाड्यात लाखो माणसं त्यांच्या अंगणात आणून सोडली. त्यांचा सूत्रधार मार्क हॅना याने बँका आणि कारखानदारांकडून निदान ३५ लाख डॉलर गोळा केले. इतका पैसा त्याआधी कोणत्याही प्रचारात ओतला गेला नव्हता. काही कारखान्यांत मजुरांना बजावलं गेलं की ब्रायन आला तर कामावर येऊ नका. तरी ब्रायन हरला तो केवळ पैशामुळे, असं म्हणणं मला पटत नाही. शहरातल्या मजुराचा हिशोबच वेगळा होता. त्याच्यावर गहाणखत नव्हतं. त्याला पगार मिळायचा आणि त्या पगारात पाव विकत घ्यायचा असायचा. गहू महाग करून देतो म्हणणाऱ्याला त्याने मत का द्यावं? शेतकरी आणि कामगार एकाच मालकवर्गाविरुद्ध उभे होते, पण भावाच्या प्रश्नावर एकमेकांसमोर होते. निवडणूक मंडळातली मतं: मॅकिन्ली २७१, ब्रायन १७६.

पुढे जे झालं ते दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणी, सायनाइडने हलक्या प्रतीच्या दगडातूनही सोनं काढायची नवी रीत, आणि कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्याचा शोध यांमुळे सोन्याचाच पूर आला. चांदीवाल्यांना हवी असलेली भाववाढ सोन्याने करून दाखवली. गहू वधारला, गहाणखतं फिटू लागली, आणि १९०० साली सोन्याचं चलन कायद्याने पक्कं झालं तेव्हा फारसं कोणी रस्त्यावर आलं नाही. ओमाहाच्या मागण्या मात्र एकेक करून इतरांनी उचलल्या: टपाल बचत बँक १९१०, प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक १९१३, गोदामातल्या मालावर कर्ज मिळावं यासाठीचा कायदा १९१६.

हे झालं गोऱ्या शेतकऱ्याचं. काळ्या शेतकऱ्यांना गोऱ्यांच्या अलायन्समध्ये घेत नसत. त्यांची वेगळी अलायन्स होती आणि ती दहा लाखांवर सभासद सांगायची. १८९१ साली तिने कापूस वेचणीच्या मजुरीसाठी संप पुकारला, तेव्हा गोऱ्या अलायन्सचे नेते विरोधात गेले आणि अर्कान्सासात तो रक्त सांडून चिरडला गेला. तरीही काही ठिकाणी दोघांनी हातमिळवणी केली. जॉर्जियात टॉम वॉटसन गोऱ्या-काळ्या दोघांना एकाच सभेत सांगायचा की तुम्हाला वेगळं ठेवतात ते लुटायला सोपं जावं म्हणून. नॉर्थ कॅरोलिनात पॉप्युलिस्ट आणि रिपब्लिकन यांच्या युतीने सत्ताही मिळवली.

जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी काळ्यांना दास्यातून मुक्त केलं म्हणून. साल १८७३, म्हणजे चांदीच्या त्या कायद्याचंच. चार वर्षांनी वॉशिंग्टनने दक्षिणेतल्या काळ्यांच्या पाठीशी उभं केलेलं सैन्य काढून घेतलं. १८९६ मध्ये, ब्रायनच्या भाषणाच्या दोन महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेत काळ्या-गोऱ्यांचे डबे वेगळे ठेवायला मान्यता दिली. आणि गरीब गोरा आणि गरीब काळा एकत्र मतदान करू शकतात हे एकदा दिसल्यावर दक्षिणेतल्या मातब्बरांनी ती वाटच बुजवायला घेतली. नोव्हेंबर १८९८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टन शहरात सशस्त्र गोऱ्या जमावाने काळ्यांचं वर्तमानपत्र जाळलं, माणसं मारली आणि लोकांनी निवडून दिलेल्या नगरपालिकेला बंदुकीच्या धाकावर राजीनामे द्यायला लावले. राज्याराज्यांत मतदानासाठी कर आणि साक्षरतेची परीक्षा आली. काही राज्यांत ज्याचा बाप किंवा आजा १८६७च्या आधी मतदार होता त्याला माफी, म्हणजे गोऱ्या अडाण्याला वाट मोकळी. टॉम वॉटसनही पुढे उलटला आणि काळ्यांचा मताधिकार काढून घ्यावा असं म्हणू लागला. लुईझियानात १८९६ साली १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ साली १,३४२.